लाल ॲल्युमिनियमचा सस्पेन्शन संच: काय ठेवलं, काय काढलं

आरसी, म्हणजे रिमोट कंट्रोलवर चालणाऱ्या छोट्या ट्रकसाठी लाल ॲल्युमिनियमचा जो पूर्ण सस्पेन्शन संच ऑनलाइन मिळतो तो घ्यावा का, असं आमच्या मैदानावरची मुलं मला सारखी विचारतात. भाच्याने तो साठवलेल्या पैशांतून घेतला, आम्ही दोघांनी मिळून बसवला आणि उन्हाळा-पावसाळा दोन्हीत वापरला. आज त्यातले काही भाग ट्रकवर आहेत, काही परत डब्यात गेलेत. उत्तर आधीच देऊन टाकते: शॉक (धक्के शोषणाऱ्या तेलाच्या नळ्या) घ्या, मागचे हब (चाकाचं बेअरिंग धरणारे भाग) घ्या, आणि तुमच्या गाडीची मोटर प्लेट (मोटर जिच्यावर बसते ती पट्टी) कंपनीकडूनच ॲल्युमिनियमची आली नसेल तर सगळ्यात आधी ती घ्या. आर्म, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी (चेसिसशी) जोडणारे दांडे, मात्र प्लॅस्टिकचेच राहू द्या.

विक्रेत्याचं नाव मी मुद्दामच देत नाही. याच घडणीचे संच वेगवेगळ्या नावांनी विकले जातात, त्यामुळे मी जे सांगतेय ते नावापेक्षा वस्तूला लागू आहे.

मी इंदुरात सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात इंजेक्शन मोल्डचं डिझाइन करते. प्लॅस्टिकचे साचे हे माझं रोजचं काम, आणि ते साचे कापायला शेजारीच व्हीएमसी (धातू कोरणारं संगणकावर चालणारं यंत्र) चालू असते. म्हणजे प्लॅस्टिक ओतलेला भाग आणि धातूच्या ठोकळ्यातून कोरलेला भाग, दोन्ही माझ्या हाताखालून जातात. भाच्याला माझं मत हवं होतं ते याचसाठी. "मावशी, तू आधी बघ, मग बसवू," म्हणाला.

गाडी एक-दशांश मापाचा शॉर्ट कोर्स ट्रक आहे, मागच्या दोन चाकांवर चालणारा, साध्या ब्रश्ड मोटरचा. चालवतो बायपासच्या पलीकडे, ओळखीच्यांच्या रिकाम्या प्लॉटवर. वळणं शेतातल्या काळ्या एचडीपीई पाइपांनी आखलेली आहेत आणि पाइप खुंट्यांनी पक्के ठोकलेत. माती आपली माळव्याची काळी. एप्रिल-मेमध्ये टणक होऊन भेगाळते, पावसात फुगते आणि चाकाला चिकटून आत सस्पेन्शनपर्यंत चढते. गाडी इथे कशी टिकते हे दुसरीकडच्या गुळगुळीत कार्पेट ट्रॅकवरून कळणार नाही, म्हणून हे आधी सांगितलं.

डबा उघडला तेव्हा फिनिश चांगलं वाटलं. रंग सगळ्या भागांवर एकसारखा, कडा तिरप्या मोडलेल्या (चॅम्फर), कापताना राहणारी खरखरीत कड (बर) हाताला लागली नाही. मग एक आर्म कारखान्यात नेऊन भिंगाखाली धरला. वजन कमी करण्यासाठी आर्ममध्ये खिसे कोरलेले असतात. त्या खिशांच्या तळाशी, जिथे भिंत आणि तळ मिळतात, तिथे कोपरा अगदी टोकदार होता. सपाट तोंडाच्या एंडमिलने (फिरणाऱ्या कटरने) कापलं की असा कोपरा राहतो. त्याच जागी टोकाला थोडी गोलाई असलेला कटर वापरला असता तर एक छोटा रेडियस मिळाला असता, आणि मार बसल्यावर सगळा ताण त्या एका रेषेत गोळा झाला नसता. कटर बदलायला लागतो किती वेळ? पण तो खिसा फोटोत दिसत नाही, म्हणून तिथे कुणी लक्ष दिलं नव्हतं. डब्यावर मिश्रधातूचा ग्रेडही लिहिलेला नव्हता. ६०६१ आणि ७०७५ या ॲल्युमिनियमच्या दोन ग्रेडांत जमीन-अस्मानाचा फरक आहे: टी६ नावाच्या उष्णता-उपचारानंतर ६०६१ साधारण २७५ मेगापास्कल ताणाला कायमचं वाकायला लागतं, ७०७५ पाचशेच्या आसपास. ज्याने ७०७५ वापरलंय तो ते मोठ्या अक्षरांत छापतोच. छापलेलं नसेल तर ६०६१ किंवा त्याहून मऊ समजून चालावं.

हिंज पिनच्या (आर्म जिच्यावर फिरतो त्या दांडीच्या) भोकांबद्दल एक चांगली गोष्ट नोंदवते. ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर रंग धरणाऱ्या प्रक्रियेचा) थर काही धातूच्या आत आणि काही बाहेर वाढतो, त्यामुळे भोक किंचित आवळतं. इथे त्याचा हिशेब धरून भोकं कापलेली होती. पिन हाताने सरकत होती आणि खडखडत नव्हती. म्हणजे कारखान्यात काम कळणारा माणूस आहे, त्याला खिशाचा तळ मात्र महत्त्वाचा वाटला नाही.

बसवल्यावर पहिल्या फेरीतच फरक जाणवला, हे मान्य करायलाच हवं. जुन्या प्लॅस्टिकच्या भागांना वापराने ढिलाई आली होती. चाक हाताने हलवलं की आर्म, हब, नकल (पुढचं चाक वळवणारा भाग), सगळीकडून थोडं थोडं हलायचं. ॲल्युमिनियमवर ते सगळं गेलं. सरळ रेषेत गाडी भटकेना, लांब डाव्या वळणात स्टिअरिंग जिथे धरलं तिथेच राहिलं. वजन मात्र वाढलं. नायलॉनची घनता १.१४, ॲल्युमिनियमची २.७. कितीही खिसे कोरले तरी आर्म प्लॅस्टिकच्या जवळपास दुप्पट भरतो, आणि हे वजन चाकाकडच्या बाजूला असतं. खडबडीत भागात चाक जमिनीवरून उसळलं की परत टेकायला वेळ लागतो. भेगाळलेल्या मातीवर ते स्पष्ट दिसत होतं: गाडी आधी खड्ड्यांवरून वाहत जायची, आता टणाटण उडायला लागली.

मग एका रविवारी पुढचं उजवं चाक पाइपाच्या खुंटीवर आदळलं. वेग फार नव्हता, प्लॅस्टिकच्या दिवसांत असे मार रोजचे होते. आर्म तुटला नाही. भाचा खूश, "बघ, काही झालं नाही." गाडी उजवीकडे ओढत होती म्हणून आम्ही रिमोटवरचं स्टिअरिंगचं ट्रिम (गाडी सरळ आणायचं बटण) फिरवलं, तरी सरळ चालेना.

सोमवारी आर्म काढून कारखान्यातल्या ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर (सपाटपणा तपासायच्या फरशीवर) ठेवला. एका टोकाला खालून उजेड दिसत होता, फीलर गेजची (फट मोजायची) पाती सहज आत जात होती. नुसत्या डोळ्याला आर्म सरळच वाटत होता. भिंग लावल्यावर मात्र वाकल्याची जागा अचूक सापडली. खिशाच्या त्याच टोकदार कोपऱ्यापाशी लाल पृष्ठभागावर केसासारख्या बारीक रेघा उठल्या होत्या, एकमेकींना समांतर, सगळ्या आर्मला आडव्या. ॲनोडायझिंगचा थर म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड, कठीण पण ठिसूळ. खालचा धातू ताणला गेला की थर ताणत नाही, तडकतो. तुमच्या लाल किंवा निळ्या आर्मवर अशा रेघा दिसल्या तर तो वाकलाय, मोजायचीही गरज नाही. आर्मबरोबर हिंज पिनही वाकली होती, आणि ज्यात ती पिन बसते त्या बल्कहेडला, म्हणजे मूळच्या प्लॅस्टिकच्या भागाला, चीर गेली होती. आर्म बदलायचा तर चार स्क्रू पुरतात. बल्कहेड बदलायला पुढचं सगळं तोंड उघडावं लागलं.

कारण साधं आहे. ॲल्युमिनियमचा ताठपणा साध्या, काचतंतू न घातलेल्या नायलॉनच्या वीसपटींहून जास्त असतो. पण ६०६१ जेमतेम ०.४ टक्के ताणलं जाईपर्यंत स्प्रिंगसारखं परत येतं, त्यापुढे जे वाकलं ते वाकलंच. नायलॉन चार-पाच टक्के ताण घेऊनही परत मूळ आकारात येऊ शकतं, आणि हवेतली ओल प्यायलेलं असेल तर त्याहूनही जास्त. चाक खुंटीवर आदळतं तेव्हा ती ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. प्लॅस्टिकचा आर्म ती वाकून स्वतः पितो आणि परत देतो. ताठ आर्म ती तशीच पुढे पिनकडे, बल्कहेडकडे, चेसिसकडे ढकलतो. घरातल्या फ्यूजची तार जाड केली तर फ्यूज उडत नाही, भिंतीतली वायर जळते. आर्म हा गाडीचा फ्यूज आहे, आणि तो स्वस्त, हाताशी येणारा आणि पटकन बदलता येणारा असणं हीच त्याची लायकी.

दुसरी गोष्ट थकव्याची. पोलादात एका मर्यादेखालचा ताण कितीही वेळा दिला तरी सहसा चीर जात नाही. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. लहान लहान मार साठत जातात. उड्या मारणाऱ्या ट्रकच्या आर्मसाठी ही चांगली बातमी नाही.

आता प्लॅस्टिकबद्दल, कारण त्याच्यावर फार अन्याय होतो. 'प्लॅस्टिकचंच आहे' असं म्हणून लोक बाजूला टाकतात. चांगला ओतलेला आर्म बनवणं सोपं नाही. नायलॉन ६६ दोनशे साठ अंशांच्या आसपास वितळतं, त्याहून गरम करून ते साच्यात दाबाने भरतात. ज्या छिद्रातून ते आत येतं तो गेट. पिनच्या भोकाच्या जागी साच्यात पोलादी कोअर पिन उभी असते. वितळलेलं नायलॉन तिच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडे पुन्हा भेटतं, आणि भेटतं तिथे एक रेषा पडते. तिला आम्ही वेल्ड लाइन म्हणतो. ही रेषा आर्मची सगळ्यात कमकुवत जागा. चांगला डिझायनर गेट अशा ठिकाणी ठेवतो की वेल्ड लाइन मार बसणाऱ्या बाजूला येऊ नये. तुमचे आर्म सारखे एकाच जागी, भोकाच्या कडेला तुटत असतील तर तुटलेला तुकडा उन्हात धरून पाहा. फिकट रेघ दिसली तर चूक तुमच्या चालवण्यात कमी आणि साच्यात जास्त आहे.

म्हणूनच संचातल्या आर्मऐवजी मी आरपीएम या अमेरिकन कंपनीचे नायलॉनचे आर्म लावायला सांगितले. ही कंपनी आरसीच्या प्लॅस्टिकच्या भागांसाठीच ओळखली जाते आणि तुटण्यावर आजीवन वॉरंटी देते. इंदुरात बसून टपालखर्च धरला तर ती वॉरंटी वापरणं फारसं परवडणार नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर घेऊ नका, मटेरियलसाठी घ्या. हातात धरून पीळ दिला तर तो जाणवण्याइतका वळतो आणि सोडला की सरळ होतो. भाच्याला आधी तो 'मऊ' वाटला. त्याच खुंटीवर पुन्हा आदळल्यावर गाडी पुढच्या वळणाला सरळ गेली, तेव्हा त्याने स्वतःच पाठीमागचीही जोडी मागवली.

नायलॉनची एक खोड सांभाळावी लागते: त्याला पाणी लागतं. साच्यातून निघालेला भाग कोरडाठाक असतो आणि त्या अवस्थेत सगळ्यात ठिसूळ. हवेतला ओलावा शोषून तो चिवट होतो. पूर्ण भिजलं तर नायलॉन ६६ स्वतःच्या वजनाच्या आठ टक्क्यांहून जास्त पाणी धरतं. पावसाळ्यात आपल्याकडे आपोआप काम होतं. पण एप्रिल-मेची कोरडी लू सुटलेली असते, किंवा जानेवारीत पहाटे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा नवे आर्म लावून थेट मैदानात नेले तर काचेगत तडकू शकतात. आरसीवाले आर्म पाण्यात उकळतात ते याचसाठी. दहा मिनिटांनी फारसं होत नाही, पाणी आतपर्यंत मुरायला तास लागतात. गरम पाण्यात, उकळीच्या थोडं खाली, झाकण ठेवून दुपारभर राहू द्यावेत. भोकांत पिना घालून ठेवाव्यात म्हणजे आकार बिघडत नाही, आणि त्याच पाण्यात हळूहळू गार होऊ द्यावेत. घरच्या स्वयंपाकाचं पातेलं यासाठी वापरू नये, वेगळं ठेवावं.

मग बाजारात सगळीकडे ॲल्युमिनियमच का दिसतं? त्यामागे गुणापेक्षा हिशेब जास्त आहे. आर्मचा साचा बनवायचा तर आधी लाखांत पैसे घालावे लागतात, आणि हजारो आर्म विकल्याशिवाय ते निघत नाहीत. एकदा साचा झाला की मग एकेक आर्म काही रुपयांत पडतो. ॲल्युमिनियमला साचा नको. ज्याच्याकडे एक व्हीएमसी आणि ठोकळे आहेत तो पन्नास नगही विकून नफा कमावतो, उद्या दुसऱ्या गाडीचे भाग कापतो. ठोकळ्याचा बराचसा भाग चिप्स होऊन खाली पडतो, म्हणून नग महाग पडतो, आणि महाग आहे म्हणून चांगला असणार असं घेणाऱ्याला वाटतं. ज्यांनी शर्यतींसाठी गाड्या घडवल्या त्यांनी ही वाटणी फार आधीच केली होती. असोसिएटेड या कंपनीची आरसी१० बग्गी १९८४ साली आली, सोनेरी ॲनोडाइज केलेल्या ॲल्युमिनियमच्या चेसिसची, आणि तिचे आर्म होते नायलॉनचे. आजच्या शर्यतीच्या बग्ग्यांतही चेसिस, बल्कहेड आणि शॉक धातूचे असले तरी आर्म बहुधा ओतलेलेच सापडतात. आणि पहिली गाडी घेणाऱ्याने तामिया कंपनीच्या टीटी-०२ सारखी प्लॅस्टिकच्या टब (खोलगट) चेसिसची गाडी घेतली तर त्यात कमीपणा मानण्यासारखं काहीच नाही.

ॲल्युमिनियमने आपली किंमत पूर्ण वसूल केली ती शॉकमध्ये. शॉकची नळी आतून गोल आणि गुळगुळीत हवी, पिस्टन तिच्यात अडखळता कामा नये, आणि वरचं झाकण उंच उडीनंतर दाबाने सुटून येता कामा नये. प्लॅस्टिकच्या झाकणाच्या आट्यांना ते फार काळ झेपत नाही. या संचातल्या शॉकची नळी आतून खरोखर छान आहे. तेल भरून, हवेचे बुडबुडे काढून, दांडा हळूहळू दाबला तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा प्रतिकार लागतो. ओ-रिंग मात्र बदलल्या, डब्यातल्या फारच सैल होत्या. उन्हाळ्यात तेल एक-दोन पायऱ्या जाड घाला, सिलिकॉनचं तेल तापलं की पातळ होतं.

मागच्या हबमध्येही फायदा आहे. तिथे बेअरिंगची बैठक प्लॅस्टिकमध्ये हळूहळू मोठी होते आणि चाक डुलायला लागतं. समोरून बसणारा मार तिथे थेट पोचत नाही, त्यामुळे ताठपणाचं नुकसान कमी. पुढचे कॅस्टर ब्लॉक (नकल धरणारे भाग) आणि नकल काढून टाकले, ती जागा मार खाण्याचीच आहे.

मोटर प्लेट आमच्या ट्रकला कंपनीकडूनच ॲल्युमिनियमची होती, पण मैदानावर एकाची प्लॅस्टिकची आहे, आणि मेच्या दुपारी त्याच्या गाडीचा आवाज ऐकूनच कळतं. मोटर तापते, प्लॅस्टिक नरम होतं, स्क्रू सैल होतात, पिनियन आणि स्पर (मोटरचं छोटं आणि पुढचं मोठं दातेरी चाक) यांच्यातलं अंतर बदलतं आणि दाते झिजायला सुरुवात होते. ६०६१ नायलॉनच्या सहाशेपटींहून जास्त वेगाने उष्णता पुढे नेतं. तिथे प्लेट हीच मोटरचं रेडिएटर असते. असा माणूस पहिले पैसे आर्मवर खर्च करतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

स्क्रूंबद्दल थोडक्यात. धातूत धातूचा स्क्रू जाईल तिथे निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारं चिकट द्रव) एक थेंब, नाहीतर मैदानावर स्क्रू शोधत बसावं लागेल. प्लॅस्टिकमध्ये थ्रेडलॉक अजिबात नको. ते हवा नसताना आणि धातूला टेकल्यावरच घट्ट होतं, शिवाय काही प्लॅस्टिकांना, विशेषतः पॉलिकार्बोनेट आणि एबीएसला, चिरा पाडतं. ॲल्युमिनियमच्या आट्या मऊ असतात, पोलादी स्क्रू तिरका गेला की त्या एकदाच जातात. आधी उलटा फिरवून टक् असा बसल्याचा आवाज ऐकावा, मग घट्ट करावा. पावसाळ्यात काळी माती पिनच्या भोकांत शिरून वाळली की ती सॅंडपेपरचं काम करते, म्हणून त्या दिवसांत घरी आल्यावर पिना काढून पुसायच्याच.

घेण्याआधी विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचारा: ग्रेड कोणता, आणि शॉक व मागचे हब सुटे मिळतील का. आमच्या विक्रेत्याने पहिल्याचं उत्तर दिलं नाही, दुसऱ्याचं मात्र 'हो' आलं. भाच्याच्या दोन मित्रांनी सुटे शॉकच मागवले. पूर्ण संचाच्या निम्म्याहून कमी पैशांत त्यांचं काम झालं, आणि उरलेल्या पैशांत नायलॉनच्या आर्मची एक जोडी गाडीवर, एक पेटीत.